पाण्याची पाळी आणि विद्यापीठाची पुस्तिका

प्रबंध कसा लिहायचा याच्या नियमांची एक पातळ पुस्तिका माझी नात विद्यापीठातून घेऊन आली होती. नात म्हणजे धाकट्या मुलाची मुलगी. तिचा प्रबंध आमच्याच गावच्या तलावावर होता. तलावाचं पाणी गावाने आजवर कसं वाटून घेतलं, हा विषय. लिहिण्याचे शेवटचे दोन महिने ती माझ्याकडे येऊन राहिली, कारण शहरातल्या तिच्या खोलीत आणखी दोघी होत्या आणि त्या दिवसभर फोनवर बोलायच्या.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. चष्मा लावून हळूहळू वाचते. ती पुस्तिका मी दोन दुपारींत वाचून काढली आणि मला आवडली. छापलेल्या बहुतेक गोष्टींत माणसं एकमेकांची स्तुती करत असतात. इथे स्तुती करायचीच नाही असा नियम होता. थोर, महान, आदरणीय हे शब्द नकोत. 'सर्वांना माहीत आहे की' असं लिहायचं नाही, कोणाला माहीत आहे ते लिहायचं. कोणी सांगितलं, कुठे सांगितलं, कोणत्या दिवशी सांगितलं, हे पानाच्या तळाशी बारीक अक्षरात द्यायचं. हा नियम आमच्या ग्रामसभेत लावला तर अर्धे लोक घरी जातील.

डाव्या बाजूला दीड इंच जागा कोरी सोडावी, असंही त्यात होतं. नात म्हणाली, "उजवीकडे एक अन् डावीकडे दीड, हे काय आहे कळत नाही."

मी म्हटलं, "शिवणीत जाते ना तेवढं. कथडी शिवताना काठ सोडत नाही का आपण?"

तिने पुस्तिका परत पाहिली. बांधणीसाठी असं खाली लिहिलेलं होतं, ते तिने वाचलंच नव्हतं.

तिने पाच जणांशी बोलून सगळी माहिती गोळा केली होती. चार म्हातारे आणि पाचवी मी. चौघांतला एक म्हणजे गावचा जुना पाणकर. पाणकर म्हणजे गावाने नेमलेला माणूस. तलावाचं पाणी पाटात सोडायचं, कोणाच्या बांधीत किती वेळ जाऊ द्यायचं, हे तो पाहतो. आमच्याकडे धानाच्या शेताच्या तुकड्याला बांधी म्हणतात. हा पाणकर आता काठी घेऊन चालतो, पण आवाज तसाच आहे.

या पाचांना पुस्तिकेच्या भाषेत माहितीदाते म्हणायचं. त्यांची यादी प्रबंधाच्या शेवटी असते. ती यादी तिने मला दाखवली. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, वृद्ध महिला.

"वृद्ध कायले लिहिलं?"

"आजी, तू काय तरुण आहेस?"

"त्या चौघांच्यापुढं कुठं लिहिलं वृद्ध? पाणकर माझ्याहून मोठा हाय. वय लिही, बस झालं."

तिने ते खोडलं. म्हणाली, "माझ्या मॅडमपेक्षा तू कडक आहेस." मॅडम म्हणजे तिला प्रबंधाचं मार्गदर्शन करणाऱ्या बाई.

पुस्तिकेतला आणखी एक नियम असा होता की ज्याच्याकडून माहिती घेतली त्याला ती लिहिल्यावर वाचून दाखवायची आणि बरोबर आहे म्हणून त्याची सही घ्यायची. चौघांकडे ती जाऊन आली. चौघांनी सह्या दिल्या. राहिले मी. घरचीच म्हणून मला शेवटी ठेवलं होतं. प्रबंध द्यायला तेव्हा दहा दिवस उरले होते. जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिक्षकाच्या जागेची जाहिरात निघाली होती आणि अर्जासोबत प्रबंध दिल्याची पावती जोडायची होती. ती पावती नसेल तर अर्ज करून उपयोग नव्हता. माझ्या मुलाने हे मला फोनवर तीन वेळा समजावून सांगितलं होतं, जणू प्रबंध मीच लिहीत होते.

एका दुपारी ती वाचायला बसली. मी सुपात तांदूळ घेऊन ऐकत होते. चांगलं लिहिलं होतं. तलावाची पाळ, म्हणजे मातीची भिंत, कोणी बांधली, सलंगावरून जादा पाणी कसं निघून जातं, पाटाच्या वरच्या बांधीला आधी की खालच्या बांधीला आधी, सगळं बरोबर. मग ती चौथ्या प्रकरणाला आली. त्याचं पहिलंच वाक्य होतं: या गावात पाण्याची पाळी कधीही मोडली गेली नाही. खाली तळाला चार आकडे, चार म्हाताऱ्यांचे. पुढचं सगळं प्रकरण त्या वाक्यावर उभं होतं. कायदा नाही, पोलीस नाही, तरी माणसं आपापली पाळी कशी धरून राहिली, हे तिने तीस पानं लिहिलं होतं. मॅडमना ते प्रकरण फार आवडलं होतं.

वाचून झाल्यावर तिने कागद आणि पेन पुढे केलं.

मी म्हटलं, "हे बरोबर नाही."

"काय बरोबर नाही?"

"पाळी मोडली नाही, हे. मोडली. मीच मोडली."

आधी तिला गंमत वाटली. मग माझं तोंड पाहून तिने पेन खाली ठेवलं.

झालं होतं असं. चाळीसेक वर्षं झाली असतील. त्या साली पाऊस लवकर गेला. धान पोटरीत होता, म्हणजे लोंब अजून बाहेर पडली नव्हती. तेव्हा पाणी मिळालं नाही तर दाणा भरत नाही, नुसतं टरफल राहतं. तलावात पाणी कमी होतं. गाव बसलं आणि पाळ्या ठरल्या. आमची पाळी होऊन गेली होती, पण आमची बांधी उंचावर, तिच्यात पाणी टिकत नाही. चार दिवसांत पुन्हा भेगा पडल्या. घरचे, म्हणजे माझे यजमान, म्हणाले, आता जे होईल ते होईल, आणि बैल घेऊन बाजाराला गेले. मी भर दुपारी फावडं घेऊन गेले. पाटात पाणी वाहत होतं. ते अगदी खालच्या बांधीला चाललं होतं, जंगलाच्या अंगाला राहणाऱ्या एका गोंड जोडप्याच्या. पाणकर जेवायला गेला होता. मी आमच्या बांधीचं तोंड फोडलं आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून राहिले. पाणी आत येताना पाहिलं. तो येईपर्यंत बांधी भरली होती.

आमचा धान झाला. त्यांचा पोचट गेला.

गावाने आम्हाला दंड केला. आमच्याकडे दंड म्हणजे जेवण. नवा तांदूळ निघाला की पाळी मोडणाऱ्याने तलावाच्या काठी नारळ फोडायचा आणि पाण्यात हिस्सा असलेल्या सगळ्या घरांना जेवू घालायचं. सगळे जेवले की मोठी माणसं म्हणतात, मिटलं. त्यानंतर ती गोष्ट कोणी काढायची नाही. भांडणात नाही, थट्टेत नाही, दारू प्यायल्यावरसुद्धा नाही. आम्ही जेवण दिलं. भात मीच रांधला. मिटलं म्हणाले.

नातीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी तुझ्याशी तीन दिवस बोलले, आजी. तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू इचारलंच नाही. मले तू धानाच्या जाती इचारल्या अन् रोवणीची गाणी इचारली. पाण्याचं तू त्या चौघांले इचारलं."

तिला वाटलं, चौघं खोटं बोलले. संध्याकाळी पाणकर आमच्या घरावरून चालला होता, तर मी त्याला ओट्यावर बसवलं.

"भाऊजी, पोरीले खोटं काऊन सांगितलं?"

"काय खोटं सांगितलं?"

"पाळी कधी मोडलीच नाही म्हणून."

"मग? मोडली का?"

"मी नाही का मोडली?"

त्याने नातीकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. "जेवण झालं ना बाई. मी सोता दोन खेप भात घेतला. मिटलेलं सांगत असते का कोणी? उद्या तुमी म्हणसान, मेलेल्याले उठवून आणा." मग नातीला म्हणाला, "तुही आजी पहिल्यापासून अशीच हाय. तोंडाले दार नाही."

तो खोटं बोलत नव्हता. चौघंही नव्हते. जे मिटलं ते झालंच नाही, असा आमचा हिशोब. विद्यापीठाच्या पुस्तिकेत मात्र मिटण्याला जागा नव्हती. झालं असेल तर ते लिहायचं आणि कोणी सांगितलं तेही लिहायचं.

दुसऱ्या दिवशी नातीने मॅडमना फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर ठेवला. मॅडम शांतपणे बोलत होत्या. चार जण एक सांगतात आणि एकटी आजी दुसरं सांगते, म्हणजे आजींच्या म्हणण्याला दुसरा कोणीतरी दुजोरा पाहिजे. नसेल तर मजकूर तसाच ठेवा आणि तळाला टीप द्या की एका माहितीदात्याचं मत वेगळं आहे.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "मत कायचं? पाणी मी घेतलं. ते माझं मत हाय का?"

"तेवढी टीप टाकली तर दहा दिवसांत होईल, आजी."

"मग टाक. पण सही मी करत नाही. त्यापेक्षा माझं नावच काढून टाक यादीतून. चौघं उरतन. तुह्या पुस्तिकेत बसते ते."

हे मी रागाने म्हटलं नव्हतं. खरंच बसत होतं. तिने चौघांच्या सह्यांचे कागद चाळले. मग विचारलं, "ती पाळी ज्यांची होती, ते आहेत का कोणी?"

नवरा मेला. बाई आहे. गावाच्या खालच्या टोकाला राहते. रेशनच्या दुकानात भेटतो आम्ही, लग्नात भेटतो. बोलतो. त्या पाण्याविषयी कधी बोललो नाही.

आम्ही दोघी गेलो तेव्हा तिने अंगणात मोहफुलं वाळत घातली होती आणि हातात काठी घेऊन ती बकऱ्या हाकत बसली होती. मला पाहून म्हणाली, "या पाटलीनबाई. रस्ता चुकला का?"

आम्ही पाटील नाही. तिला ते चांगलं माहीत आहे.

"रस्ता कायले चुकन? ही पोरगी तलावावर लिहून राहिली. त्या साली तुही पाळी मी घेतली, ते तिले सांग."

तिने काठीने फुलं पालथी केली. "कोणती पाळी? पयली का दुसरी?"

नात माझ्याकडे पाहू लागली.

"एकच घेतली मी," मी म्हटलं.

"दोन. पयली तू फावड्यानं घेतली, ते लोकायले दिसलं. मंग तुह्या बांधीचं तोंड तू नीट बुजवलं नाही. पुढच्या पाळीचं पानी रातदिन झिरपत तुह्याकडंच गेलं. आमच्याकडं आला चिखल."

मी आठवून पाहिलं. तोंड मी बुजवलं होतं, गवत आणि माती घालून. पण घाईत. दाबून बुजवलं होतं अशी शपथ मी घेऊ शकत नव्हते.

"असन," मी म्हटलं.

"असन नाही. हायच."

नातीने फोन बाहेर काढला होता, पण सुरू केला नव्हता. तिने विचारलं, "आजी, मग तुम्ही हे इतकी वर्षं कोणाला सांगितलं का नाही?"

"कोन इचारलं व माय? तू त्या चार बुढ्याइच्या घरी जाऊन राहिली होती. माह्या दारावरून गेली दोनदा. मी पायलं तुले. लाल ओढणी होती."

"मला वाटलं, जेवण झाल्यावर कोणी बोलत नाही."

"जेवले ते नाही बोलत. आमी कुठं जेवलो?"

मी म्हटलं, "सगळ्या गावाले होतं जेवण."

"सगळं गाव होतं. आमी नवतो. धान झालाच नाही तं घरी बसून काय खाव? आमी दोघं गोंदियाले राईस मिलात होतो. तो पोते उचलत जाय, मी कोंडा झाडत जावो. चैतात आलो परत. तं तुहा पाणकर मले म्हणते, मिटलं बाई. मी म्हटलं, तुमचं मिटलं."

हे मला माहीत नव्हतं म्हणू का विसरले होते म्हणू, सांगता येत नाही. त्या दिवशी भात कमी पडेल म्हणून मी घाबरले होते, एवढं पक्कं आठवतं. कोण आलं नाही ते मी मोजलं नव्हतं. जो येत नाही त्याने भात उरतो, तेव्हा त्याची आठवण कोण काढतो. पण नियम आमचाच होता. हिस्सा असलेलं प्रत्येक घर जेवल्याशिवाय मिटत नाही. म्हणजे इतकी वर्षं ते मिटलंच नव्हतं, आणि मिटलं असं आम्ही म्हणत होतो.

मी तिला म्हटलं, "मग आता जेव. उद्या ये. भात, वरण, वडे करतो."

ती हसली. पुढचे दोनच दात राहिले आहेत. "हुशार हाय पाटलीनबाई. जेवली का माहं तोंड बंद. पयले या पोरीले लिहू दे, मंग पाहू." नातीला म्हणाली, "किती रोज लागतीन तुले?"

"तीन-चार दिवस तरी."

"मोहफूल सुकतपर्यंत मी इथंच हावो. बकऱ्या हाकाले एक काठी घेऊन ये."

परत येताना नात दिवसांचा हिशोब करत होती. तीन-चार दिवस बोलणं, मग ते उतरवून काढणं, मग तीस पानांचं प्रकरण मोडून पुन्हा बांधणं. दहा दिवसांत होण्यासारखं नव्हतं आणि तिला ते कळत होतं. रात्री मुलाचा फोन आला. तो म्हणाला, मॅडम सांगतात तशी टीप टाक आणि देऊन मोकळी हो, नोकरी रोज निघत नाही. त्याचंही चूक नव्हतं. मी सल्ला दिला नाही. मी पाणी घेतलं तेव्हा कोणाचा सल्ला घेतला नव्हता आणि परिणाम दुसऱ्या घराने भोगले होते. आता तिचं तिने ठरवावं.

सकाळी उठून पाहते तर ती नव्हती. दाराआडची काठीही नव्हती.

दुपारी आली, उन्हाने लाल होऊन. जेवली आणि मुदतवाढीचा अर्ज लिहायला बसली. त्या अर्जाचाही नमुना ठरलेला असतो. कारण एका ओळीत लिहायचं.

"काय लिहू? सगळे तब्येतीचं लिहितात."

"तुही तब्येत चांगली हाय."

तिने लिहिलं: एका हिस्सेदार कुटुंबाची मुलाखत घेतली नव्हती. मॅडमचा फोन आला. असं कारण कोणी लिहीत नाही, समिती विचारेल की आधी का घेतली नाही. नात म्हणाली, "विचारू द्या, मॅडम. उत्तर आहे माझ्याकडे."

मुदत मिळाली, सहा महिन्यांची. कॉलेजातली ती जागा गेली. ती कोणाला मिळाली तेही आम्हाला कळलं. मुलगा महिनाभर माझ्याशी तोडून बोलत होता.

त्या बाईने चार दिवस सांगितलं. आमच्या पाण्याबद्दल सगळं सांगितलं, मी कोणतं लुगडं नेसले होते तेसुद्धा. नातीने विचारलं, अशी आणखी कोणी पाळी मोडली होती का? तर म्हणाली, "जेवनं लय जेवलो मी." नातीने खूप खोदून विचारलं. कोणाचं जेवण, कोणत्या साली, एक शब्द सांगितला नाही. ती जेवली होती, म्हणून ते मिटलं होतं. फक्त जेवणं किती झाली असतील ते सांगते म्हणाली आणि बोटं दुमडून मोजायला लागली. एका हाताची संपली, तेव्हा नातीला कळलं की आपलं प्रकरण मुळापासून बदललं आहे. गाव पाळी मोडत नव्हतं असं नव्हतं. मोडत होतं, जेवू घालत होतं आणि गप्प बसत होतं. तिने तेच लिहिलं. ते जास्त चांगलं झालं आहे असं मॅडम म्हणाल्या. मला आधीचंही ऐकायला बरं वाटलं होतं, पण ते खरं नव्हतं.

बदललेला मजकूर पुन्हा सगळ्यांना वाचून दाखवायचा होता. सहा जण झाले होते. त्या बाईने अंगठा दिला. मी सही केली. तीन म्हाताऱ्यांनी कुरकुर करत केली. पाणकराला आमच्या ओट्यावरच वाचून दाखवलं. तो डोळे मिटून ऐकत होता. झोपला की काय असं वाटलं.

शेवटी म्हणाला, "पाणकर जेवाले गेला होता, हे लिहिलं का?"

"हो आजोबा. आजीनेच सांगितलं."

"किती येळ गेला होता, हे लिहिलं का?"

"नाही."

"मग आण तो कागद."

सही करून तो काठी टेकत निघून गेला. नातीने त्याच आठवड्यात प्रबंध नेऊन दिला, डावीकडे दीड इंच सोडलेला. सध्या ती एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे जेवढे तास घेईल तेवढ्याचाच पगार. पुढच्या जाहिरातीची वाट पाहते आहे. आता पावती तिच्याजवळ आहे.